गणिताचीं चिन्हें आणि मराठी लेखणी

दोनाचें वर्गमूळ कागदावर लिहावयाचें असल्यास शाळेंतला मुलगाहि क्षणाचा विलंब लावीत नाहीं. एक लहानसा फांटा, त्याच्या टोकाला जोडलेली आडवी रेघ, रेघेखालीं दोनाचा आंकडा, कीं काम झालें. हेंच वर्गमूळ संगणकावर मराठी मजकुरांत टंकावयास घेतलें, म्हणजे चांगला जाणता मनुष्यहि थबकतो. कळफलकावर शंभराच्या आसपास कळा असतात. त्यांत अधिकाचें चिन्ह आहे, बरोबरीचें आहे, टक्क्याचेंहि आहे. परंतु वर्गमूळ नाहीं, भागाकाराचें नेहमींचें चिन्ह नाहीं, आणि 'म्हणून' या अर्थीं आपण लहानपणापासून जीं तीन टिंबें काढीत आलों तींहि नाहींत. मग कोणी गुणाकाराच्या जागीं इंग्रजी एक्स बसवितो, कोणी हातानें लिहिलेल्या गणिताचें छायाचित्र काढून मजकुरांत चिकटवितो, तर कोणी कंटाळून सारें पानच इंग्रजींत करून टाकतो. ही अडचण दिसावयास क्षुल्लक आहे. तथापि मराठींत गणित लिहिलें जावें कीं नाहीं, या प्रश्नाचा निकाल पुष्कळदां अशाच क्षुल्लक ठिकाणीं लागत असतो. म्हणून या अडचणीचा इतिहास आज थोडक्यांत सांगावा असें योजिलें आहे.

हा इतिहास आपल्याच मुलखांत सुरू होतो. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पुरा केला. लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयानें वसलेलें विज्जडवीड होय, असें ते स्वतःच सांगतात. हें विज्जडवीड कोणतें, यावर विद्वानांचा वाद फार जुना आहे. नांवाच्या सादृश्यावरून तें मराठवाड्यांतील आजचें बीड असावें, असें कांहींचें मत, दुसऱ्या कांहींनीं विजापुराकडे बोट दाखविलें, इ. स. १५८७ मध्यें लीलावतीचें फारसी भाषांतर करणाऱ्या फैजीनें बीदर सांगितलें. पुढें डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेख उजेडांत आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केल्याची हकीकत त्यांत आहे. लेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा असून त्याचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठींत आहे. त्यामुळें पाटणचा पक्ष बळावला. बीडकरांचा दावा सिद्ध होवो वा न होवो, एवढें मात्र खरें कीं, ज्या देशांत मराठी भाषा लिहितीवाचती होत होती त्याच देशांत, त्याच शतकांत, बीजगणिताची एक पुरी चिन्हपद्धति वापरांत होती.

ही पद्धति कशी होती तें पाहूं. अज्ञात राशीला 'यावत्तावत्', म्हणजे 'जेवढें असेल तेवढें', असें म्हणत, आणि लिहितांना नुसतें 'या' हें आद्याक्षर लिहीत. अज्ञात राशि एकाहून अधिक असल्या म्हणजे त्यांना रंगांचीं नांवें देत: कालक, नीलक, पीतक, त्यांचीं अक्षरें का, नी, पी. ज्ञात संख्येला 'रूप', त्याचें अक्षर 'रू'. वर्गासाठीं 'व', घनासाठीं 'घ', आणि ज्याचें मूळ नेमकें निघत नाहीं त्या करणीसाठीं 'क'. ऋण संख्या दाखवावयाची असेल तर आंकड्याच्या डोक्यावर एक टिंब देत. बरोबरीचें चिन्ह नव्हतें. दोन पक्ष एकाखालीं एक मांडले कीं ते समान समजावयाचे. एक साधें उदाहरण घेऊं. एका संख्येच्या पांचपटींतून आठ वजा केले असतां, तिच्याच तिपटींत सहा मिळविल्याइतकें फळ येतें. तें असें मांडीत:

या ५ रू ८̇
या ३ रू ६

वरच्या 'या' मधून खालचा 'या' वजा केला, बाकी दोन. खालच्या रूपांतून वरचें ऋण रूप वजा केलें, म्हणजे आठ मिळविले; झाले चौदा. चौदाला दोहोंनीं भागिलें, उत्तर सात. आजच्या शाळेंतल्या रीतींत आणि या रीतींत तत्त्वतः तिळमात्र भेद नाहीं. भेद आहे तो पोशाखाचा.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. भास्कराचार्यांचे नियम श्लोकबद्ध आहेत, आणि श्लोकांत वरच्यासारखी मांडणी कोठेंहि नाहीं. श्लोक मुखोद्गत करावयाचा, आणि मांडणी धूळपाटीवर बोटानें किंवा काडीनें करावयाची, असा हा व्यवहार होता. पोथींत टीकाकार 'न्यास' म्हणून जी मांडणी देतात, ती त्या पाटीवरच्या कामाची नक्कल होय. म्हणजे गणिताला दोन रूपें होतीं: एक बोलण्याचें, सरळ ओळींत चालणारें; दुसरें पाहण्याचें, वरखालीं पसरणारें. आज संगणकापुढें जी अडचण येते, तिचें मूळ या दोन रूपांच्या फरकांतच आहे.

यूरोपांत याच सुमारास परिस्थिति काय होती? तेथेंहि प्रथम शब्दच होते. अधिक व उणें हीं चिन्हें छापील पुस्तकांत इ. स. १४८९ मध्यें जर्मनींत दिसूं लागलीं. वर्गमूळाचा फांटा रुडॉल्फनें १५२५ मध्यें आणला. बरोबरीच्या दोन समांतर रेघा रॉबर्ट रेकॉर्ड या वैद्यानें १५५७ मध्यें योजिल्या. त्याचें म्हणणें असें कीं, दोन समांतर रेघांहून अधिक सारखी वस्तु जगांत दुसरी कोणती असणार? गुणाकाराची फुली ऑट्रेडनें १६३१ मध्यें, आणि अनंताचें आडवें वेटोळें वॉलिसनें १६५५ मध्यें वापरलें. या चिन्हांच्या अंगीं कांहीं उपजत श्रेष्ठत्व होतें असें नव्हे. बख्शाली येथें १८८१ सालीं सांपडलेल्या भूर्जपत्रांच्या पोथींत ऋण संख्येपुढें जें चिन्ह येतें तें हुबेहूब आजच्या 'अधिक'सारखें आहे! चिन्हाचा अर्थ संकेतानें ठरतो. परंतु यूरोपांतले संकेत शिशाच्या खिळ्यांत ओतले गेले, एका गांवीं छापलेलें पुस्तक दुसऱ्या गांवीं वाचलें गेलें, आणि पुनःपुनः छापून ते कायम झाले. आपले संकेत धुळींत उमटले आणि धुळींतच पुसले गेले.

खिळ्यांच्या मागें दुसरी एक अडचण उभी होती, आणि ती जागेची. गणितांत एखादी खूण कोणती आहे एवढ्यानें भागत नाहीं. ती कोठें आहे यावरहि अर्थ ठरतो. तीन या आंकड्याशेजारीं दोन लिहिले तर बत्तीस किंवा तेवीस होतात. तेच दोन तिनाच्या खांद्यावर बसविले तर तिनाचा वर्ग होतो. अर्थ जागेवर अवलंबून असला कीं लिहिणाराला कागद पुरत नाहीं, याची एक साक्ष बीड जिल्ह्यांतच आहे. अंबाजोगाईचे संतकवि दासोपंत हे रेकॉर्डच्याच काळांतले. त्यांचा जन्म १५५१ चा. पंचीकरणाचा विषय, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टि कशी झाली याचा विचार, मांडावयाला त्यांनीं पोथीचीं पानें न घेतां एक लांबलचक वस्त्रच घेतलें आणि त्यावर ओव्या लिहिल्या. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद असलेली ही पासोडी अंबाजोगाईस प्रसिद्ध आहे. ती गणिताची नव्हे. परंतु ज्या विषयाचे भेद व उपभेद एकमेकांशेजारीं मांडून पाहावे लागतात, त्याला पोथीच्या अरुंद पानापेक्षां मोकळें अंगण मानवतें, हें ती आपल्याला दाखविते.

आतां छापखान्याकडे वळूं. १८२० च्या दशकांत मुंबईस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं शास्त्रीमंडळींच्या साह्यानें इंग्रजी गणितग्रंथ मराठींत आणले. त्या वेळीं शिळाछाप जोरांत होती. शिळाछापांत लेखक सुंदर अक्षरांत पान लिहून देतो आणि तें जसेंच्या तसें दगडावर उतरतें. त्यामुळें अपूर्णांक असो कीं आकृति असो, हात जें लिहील तें छापलें जाई. गणपत कृष्णाजींनीं १८३१ मध्यें पंचांग छापलें, तेंहि आंकड्यांच्या कोष्टकांचेंच काम. पुढें खिळे जुळविण्याची पद्धति रूढ झाली. जावजी दादाजींच्या निर्णयसागरासारख्या कारखान्यांनीं देवनागरी खिळ्यांना सौंदर्य आणलें. परंतु जोडाक्षरांमुळें देवनागरीच्या खणांत आधींच शेंकडों खिळे, त्यांत गणिताचे आणखी कोठें मावणार? एक अपूर्णांक जुळवावयाचा म्हणजे वरचा आंकडा, मधली पितळी पट्टी आणि खालचा आंकडा वेगवेगळे बसवून, आजूबाजूची पोकळी शिशाच्या तुकड्यांनीं भरून, सारें घट्ट आवळावें लागे.

केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञांनीं शाळांसाठीं मराठीं पुस्तकें लिहिलीं, आणि त्यांबरोबर महाराष्ट्रांतल्या मुलांचा गणिताशीं मातृभाषेंतून परिचय झाला. भूमितींत 'अबक त्रिकोण' आला, आणि तो इतका मुरला कीं जुन्या पिढींतल्या लोकांच्या तोंडीं तो अद्यापि आहे. पण हीं पुस्तकें इंग्रजी ग्रंथांवरून उतरलेलीं असल्यामुळें चिन्हें यूरोपांतलींच राहिलीं. 'या' आणि 'रू' यांना कोणी हांकलून दिलें नाहीं; त्यांना नव्या पुस्तकांत कोणी बोलाविलें नाहीं, इतकेंच. भास्कराचार्यांचें बीजगणित कोलब्रुकनें १८१७ मध्यें इंग्रजींत आणलें होतें. तरी मराठी विद्यार्थ्याच्या पाटीवर तें परत आलें नाहीं.

बीडच्या विद्यार्थ्याची स्थिति याहूनहि निराळी होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. अंबाजोगाईला तेव्हां मोमिनाबाद म्हणत. वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत गणितासुद्धां सर्व विषय उर्दूंतून शिकवीत, आणि त्यासाठीं भाषांतराचें एक स्वतंत्र खातेंच उघडलेलें होतें. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलाला, जिचा मजकूर उजवीकडून डावीकडे आणि आंकडे डावीकडून उजवीकडे चालतात, अशा लिपींत विद्या संपादन करावी लागे. हा अनुभव कटु असला तरी त्यांतून एक धडा घेण्यासारखा आहे: राज्यसत्तेनें मनावर घेतलें तर देशी भाषेंतहि वरच्या दर्जाचें गणित शिकवितां येतें.

टंकयंत्र आलें तेव्हां मराठी गणिताची कोंडी पुरी झाली. कळा पन्नासाच्या आंत, प्रत्येकीवर दोन खुणा. एवढ्या अवकाशांत स्वर, व्यंजनें, काने, मात्रा आणि अर्धीं अक्षरें कोंबतांनाच कारागिरांच्या नाकीं नऊ आले. लिपिसुधारणेचे जे वाद त्या काळीं रंगले, त्यांच्या मुळाशीं यंत्राची ही टंचाई होतीच. गणिताच्या चिन्हांना तेथें थारा कोठून मिळणार? शाळांतल्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका टंकतांना चिन्हापुरती जागा कोरी सोडीत, आणि मागाहून शिक्षक ती हातानें भरीत. मेणकागदावर टोकदार लेखणीनें वर्गमूळ कोरणारे ते शिक्षक भास्कराचार्यांच्या धूळपाटीचेच वारस म्हणावयाचे.

संगणकानें कळांची टंचाई दूर केली, पण आरंभीं नवाच घोळ घातला. मराठी अक्षरांचे जे साचे प्रथम निघाले, त्यांत इंग्रजी अक्षरांसाठीं व चिन्हांसाठीं राखलेल्या दोनअडीचशें जागांवरच मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत, आणि तेहि प्रत्येक कारखानदाराच्या मर्जीप्रमाणें. गुणाकाराची फुली ज्या जागेवर असावयाची तेथें एखादें अर्धें अक्षर नांदे. मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला आणि तेथें तो साचा नसला, कीं मराठीचें होई कडबोळें आणि गणिताची होई मराठी! १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय लिप्यांच्या संगणकीय कामाला मोठी गति दिली, आणि १९९१ मध्यें या लिप्यांसाठीं एक भारतीय मानकहि ठरलें. त्याच १९९१ सालीं युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. तींत देवनागरीसाठीं १२८ जागांचा एक कप्पा होता, आणि गणिताच्या चिन्हांसाठीं २५६ जागांचा दुसरा. मराठी अक्षर आणि गणिताचें चिन्ह यांना एकाच वहींत आपापली कायमची जागा मिळाली. एकाला बसवावयाला दुसऱ्याला उठविण्याची गरज उरली नाहीं.

जागेचा प्रश्न सोडविला तो डोनाल्ड नूथ या अमेरिकन गणितज्ञानें. १९७७ मध्यें आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहून त्याचें मन विटलें, आणि त्यानें 'टेक' नांवाची जुळणीची पद्धतिच रचली. तिच्यांत लिहिणारा सरळ ओळींत शब्दांचीं संक्षिप्त रूपें लिहितो, आणि वरखालच्या मांडणीचें काम यंत्र करतें. ओळींत सांगणें निराळें आणि पाटीवर मांडणें निराळें, हीच ती जुनी वाटणी. फक्त पाटीवरचें काम आतां यंत्राकडे आलें. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनीं या पद्धतीसाठीं देवनागरी अक्षरेंहि १९९१ मध्यें सिद्ध केलीं.

आतां व्यवहारांत काय करावें तें सांगतों. नेहमींच्या वर्ड या लेखनप्रणालींत 'इन्सर्ट' या सदरांत 'सिंबल' म्हणून दालन आहे; तेथें गणिताचा कप्पा उघडून हवें तें चिन्ह टिपावें. ज्यांना तें वारंवार लागतें त्यांनीं त्याचा क्रमांक पाठ करावा. इंग्रजी आंकड्यांत २२३४ टंकून आल्ट व एक्स या कळा एकदम दाबल्या, तर त्या जागीं 'म्हणून'चीं तीन टिंबें ∴ उभीं राहतात. २२१२ नें खरें वजाचिन्ह येतें. २२१ आणि पुढें इंग्रजी ए हें अक्षर दिलें तर वर्गमूळ √ येतें. अपूर्णांक, घातांक किंवा लांब रेघेचें मूळ असें वरखालीं पसरणारें कांहीं हवें असेल, तर आल्ट व बरोबरीची कळ दाबून समीकरणाची चौकट उघडावी. लिब्रेऑफिस या मोफत प्रणालींतहि 'मॅथ' नांवाची अशीच सोय आहे.

याबरोबर कांहीं सोंगांपासून सावध राहावें. गुणोत्तराचीं दोन टिंबें आणि आपला विसर्ग दिसावयास जुळे भाऊ. परंतु यंत्राच्या लेखीं एक चिन्ह आहे व दुसरें अक्षराचा अवयव. देवनागरी शून्य आणि अंशाचें वर्तुळ, पूर्णविरामाचा दंड आणि निरपेक्ष किंमतीची उभी रेघ, संयोगरेषा आणि वजाचिन्ह, गुणाकाराची फुली आणि इंग्रजी एक्स, या साऱ्या जोड्यांत असाच भ्रम होतो. डोळा फसतो, पण डोळ्यापुरतेंच हें प्रकरण संपत नाहीं. आज अनेक अंध विद्यार्थी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्राच्या साह्यानें शिकतात. योग्य चिन्ह टंकलेलें असेल तर त्या यंत्राला तें ओळखतां तरी येतें. त्याच्या जागीं सोंग असेल तर विद्यार्थ्याच्या कानीं चुकीचें गणित पडतें, आणि छायाचित्र चिकटविलेलें असेल तर, शेजारीं वर्णन दिलेलें नसल्यास, कांहींच पडत नाहीं. शिवाय छायाचित्रांतलें गणित शोधूं म्हटलें तर सांपडत नाहीं, आणि दुरुस्त करूं म्हटलें तर करतां येत नाहीं. आपल्या भाषेंतलें गणित अशा मुक्या चित्रांत कोंडून ठेवणें म्हणजे तें पुन्हां धुळींत लिहिण्यासारखेंच आहे.

मघाशीं आपण भास्कराचार्यांचें जें समीकरण पाहिलें, त्यांतलें आठाच्या डोक्यावरचें टिंबहि या संकेतावलींत आहे. कोणत्याहि खुणेनंतर तें दिलें असतां तिच्या डोक्यावर जाऊन बसावें, अशीच त्याची योजना आहे. त्याचा क्रमांक ०३०७. 'या', 'रू' हीं तर आपलींच अक्षरें. म्हणजे जें समीकरण छापतांना जुळाऱ्याला यातायात पडली असती आणि टंकयंत्रावर मुळींच उमटलें नसतें, तें आज बीडच्या एखाद्या शाळेंतली मुलगी घरच्या संगणकावर दोन मिनिटांत लिहूं शकेल, आणि तें कोठल्याहि देशांत जसेंच्या तसें उघडेल. जुनी पद्धति पुन्हां चालू करावी असा माझा आग्रह नाहीं. जगानें मान्य केलेलीं चिन्हें सोयीचीं आहेत व तींच वापरावीं. परंतु साधन हातांत नव्हतें तोंवर जी सबब चालत होती, ती आतां चालावयाची नाहीं. घरांत मूल मराठींतून गणित लिहीत असेल तर त्याला चिन्हांचा हा कप्पा उघडून दाखवावा, आणि शिक्षकांनीं प्रश्नपत्रिकेंत एक्सची फुली व विसर्गाचें गुणोत्तर यांना निरोप द्यावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.